कुंकू लावलेली डिस्क

आई, आज तुझा आवाज पुसला जाणार होता, आणि चूक माझी होती. तू गेल्याला वीसेक वर्षं झाली. तुझ्या धाकट्यानं टेपवर धरलेला तेवढाच काय तो आवाज उरलाय. काळ्या मसाल्याचं प्रमाण सांगतेस आणि मधेमधे मला शिव्या घालतेस. माझ्या नातीनं तो कॉम्प्युटरच्या डिस्कवर उतरवला होता. पत्त्यांच्या जोडाएवढी काळी डबी. ती हल्ली कुरकुरायला लागली, म्हणून पोरीनं हुबेहूब तशीच नवी आणली.

नवी तशीच वापरता येत नाही म्हणे. आधी आतलं सगळं पुसून कप्पे आखावे लागतात. पोरीचं बेळ्ळंदूरचं ऑफिस आज घरूनच होतं, दुपारच्या सुट्टीत ती बसली. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. हुकूम लिहायचा, यंत्र मुकाट्यानं ऐकतं. "इथं 'खरंच पुसू का' असं कुणी विचारत नाही, आजी," ती म्हणाली, "म्हणून जुनी काढूनच ठेवलीये. कुंकवाची ती जुनी ना? दसऱ्याच्या आयुधपूजेला लावलेलं." मी हूं म्हटलं. आणि मग आठवलं. सकाळी धूळ झाडताना जुनीवरचं कुंकू मीच पुसलं होतं, आणि नवी वस्तू घरात आली म्हणून तिला लावलं होतं.

लहानपणी विरजणाचं भांडं मी घासून टाकलं आणि गप्प बसले, तेव्हा तू म्हणालीस, "एरवी तोंडाला कुलूप नाही, आणि चूक केली की दातखीळ बसते होय गं?" आता तू नाहीस, दातखीळ तीच. पोरीचं बोट बटणावर.

"थांब! ती नवी नव्हे!"

"आजी, स्वल्प गप्प बस की," ती इथल्या कानडी वळणानं म्हणाली.

"कुंकू नवीला लावलंय मी. सकाळी."

तव्यानं पोळल्यासारखा तिनं हात उचलला. आत बघितलं, तर तूच. "नव्या डिस्कवरही कंपनीनं एक कप्पा आखलेला असतो, म्हणून कप्पा दिसला तरी मला संशय आला नाही," एवढं पुटपुटली. मग नवी जोडली, हुकूम तीनतीनदा वाचून ती पुसली, आखली, आणि तुला तिच्यावर उतरवलं.

"ऐकतेस का पणजीला? सगळं नीट आलंय का बघू."

मी म्हटलं, कुकर लावलाय, शिट्ट्या मोजायच्यात.

तुला वाचता येत नव्हतं, माझं अक्षर मलाच लागत नाही, तेव्हा हे कुठं पाठवायचा प्रश्नच नाही. म्हणून लिहिते. कुकर लावला नव्हता.