बरगड्या मी बसवल्या

सूर, १४ नोव्हेंबर

सालमीन,

सलाम. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. झियानाचा दात पडल्याचं कळलं, पोरीला माझी माया सांग.

बाबांची शेवटची, हातभर लांबीची छोटी नाव तुला मस्कतच्या बैठकीत काचेत ठेवायचीय म्हणे. आईला फोनवर म्हणालास, "अर्धवट आहे तशीच पाठवा, आतून कोण बघतंय?" बारा वर्षं थंडगार कचेरीत बसून अक्कलही गारठली का रे तुझी? खाडीत तरंगवून पाहिल्याशिवाय बाबांनी एक तरी नाव कुणाच्या हातात दिली होती का?

नाव मिळणार नाही. कारण ऐक, म्हणजे आईच्या मागे लागणं बंद करशील.

बाबांनी फळ्या जोडून बाहेरचं अंग पुरं केलं होतं. फळ्यांना आतून धरणाऱ्या लाकडी बरगड्या तेवढ्या राहिल्या होत्या. अंथरुणावरून मला म्हणाले, "त्या सालमीनला बसवू दे. त्याचा हात हलका आहे." वीस वर्षं त्यांच्याशेजारी करवत मी ओढली आणि हात आठवला तुझा. अजून डोकं फिरतं माझं.

दफनानंतर तू परत गेलास, त्याच दुपारी मी बरगड्या कापल्या. फळीच्या वळणाला लावून न बघता, नुसत्या मापाने. शेजारचे जुमआन उस्ताद दारातून म्हणाले, "अरे, बरगडी फळीला विचारून कापतात. तू तर फळीलाच दम देतोयस." मी त्यांना घालवून दिलं आणि खिळे ठोकले. तिसऱ्या बरगडीला फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकला, तळाला चुना-चरबीचा लेप, वर मुशी माशाचं तेल. बाहेरून अशी देखणी दिसते की कुणीही फसेल. खाडीत सोडली तर कलंडून बुडाली, कशीबशी वर काढली.

बरगड्या काढून फळी बदलली तर वाचेल. ते मला जमणार नाही. तुला ये म्हणत नाही.

आणखी एक आहे. बरगड्यांचं बोलले त्या बुधवारी बाबा म्हणाले, "सालमीनला बोलाव." मी अंगणात जाऊन आलो आणि सांगितलं, त्याचा फोन लागत नाही. शुक्रवारी ते गेले. कबरीपाशी तू रडत होतास, "शेवटी बाबांनी माझी आठवणसुद्धा काढली नाही" म्हणून. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होतो.

मी फोन लावलाच नव्हता, सालमीन.

रबीअ