दादाचं लॉगिन

सोमवार, ४
आले एकदाची! टेबल खिडकीजवळ मिळालं, खुर्ची चक्क करकरत नाही, आणि डेटाबेस सांभाळता सांभाळता केस पांढरे झालेल्या शेजारच्या काकांनी पहिल्याच दिवशी चहा पाजला. आमच्या सर्व्हरवर एका मोठ्या इस्पितळातल्या रुग्णांच्या नोंदी असतात. त्याची मेमरी हळूहळू भरत जाते आणि तो आडवा होतो. ते दुखणं शोधायला मला घेतलंय.

साहेब हसत म्हणाले, की आधीचा मुलगा अवजारांना दोष द्यायचा, नाचता येईना अंगण वाकडं. मीही हसले. लग्नानंतर आडनाव बदललं म्हणून इथे कुणाला पत्ता नाही, पण तो मुलगा माझा दादा. सर्व्हर कोसळल्याचं खापर त्याच्यावर फोडून साहेबांनी त्याला काढलं. त्याने घरी येऊन अंथरूण धरलं, आणि त्यातच गेला. मी डूख धरून आले आहे. चूक त्याची नव्हती, असं साहेबांनी सगळ्यांसमोर म्हणावं. मला एवढंच हवंय.

गुरुवार, ७
सापडलं! कोण किती काम करतं हे बघायला साहेबांनी सर्व्हरवर प्रोफायलर बसवून घेतलाय. डेटाबेसला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाची, म्हणजे क्वेरीची, नक्कल तो मेमरीत ठेवतो आणि कधी सोडतच नाही. चाचणीच्या सर्व्हरवर तो बंद केला, तर मेमरीच्या आलेखातली रेघ सपाट. चालू केला, की लागली चढायला. आणि लबाडी बघा, मेमरी कोण खातंय याच्या अहवालात हा पठ्ठ्या स्वतःला धरत नाही! त्यामुळे सगळे डेटाबेसवर संशय घेतात. कुंपणच शेत खातंय. दादा घसा कोरडा करून हेच सांगत होता.

पुढच्या शुक्रवारी सगळ्यांची बैठक आहे. आलेख तिथेच दाखवणार. तोवर तोंडाला कुलूप.

मंगळवार, १२
प्रोफायलरने काय काय साठवलंय ते उघडून पाहिलं. जुन्या क्वेऱ्या आमच्याच सगळ्यांच्या. ताज्या मात्र दादाच्या लॉगिनवरून आलेल्या. काकांना सहज विचारलं. ते लॉगिन साहेबांच्या सांगण्यावरून त्यांनी स्वतः पुसलंय म्हणे.

प्रत्येक क्वेरी एकच नोंद मागते, साहेबांनी त्याच इस्पितळात करून घेतलेल्या छातीच्या तपासणीची. नोंद गिळली जाते, रेघ थोडी चढते, आणि काचेच्या केबिनमध्ये साहेब खोकतात. मी बराच वेळ बघत बसले. प्रोफायलर बंद करणं माझ्या हातात होतं. केलं नाही. जिवाला गार वाटलं.

गुरुवार, १४
साहेब जिन्यात मध्येच बसले. ओठ निळसर. काकांनी रजा घ्यायला सांगितलं, तर उद्याची बैठक होऊ दे म्हणाले. दादा, थोडा थांब. आधी त्यांना बोलू दे.

शुक्रवार, १५
आलेख दाखवला. साहेब टेबलाला धरून उठले, म्हणाले की त्या मुलाची— आणि रेघ वरच्या टोकाला टेकली. सर्व्हर पडला. साहेबही. उठलेच नाहीत.

वाक्य अर्धंच राहिलं. आता ते कोण म्हणणार? दादा, एक वाक्य तरी थांबायचंस. मला राग आलाय. तुझा.

सोमवार, १८
प्रोफायलर मुळासकट काढला. सर्व्हर नव्याने चालू केला. रेघ चढतेच आहे— दादाचंच लॉगिन— आता काकांची नोंद मागतोय. काका आज आलेच नाहीत. धाप लागते म्हणे. अरे, त्यांनी फक्त सांगितलेलं केलं—

मंगळवार
काका गेले.

क्वेरीत नवं नाव. पुन्हा वाचलं. आईचं.

आईचे उपचार त्याच इस्पितळात— तीच दादाला म्हणाली होती, साहेबांचे पाय धर, चूक कबूल कर, नोकरी घालवू नकोस. तिनेही त्याच्यावर विश्वास—

वायर उपसली. पडदा विझत नाही. रेघ चढतेय, वीज नसताना—

शेजारणीचा फोन. आईला श्वास घेता येत नाहीये—

दादा, साहेब तुझे होते. काकाही घेतलेस. ही आपली आई आहे रे. घाबरली होती ती, तुझं कसं होणार म्हणून, बाकी काही नाही— बोटभर उरलंय वर— दादा, ती फोनवर तुलाच हाका मारतेय, ऐक ना, ती म्हणतेय की चूक तुझी—