पुसलेला ढग

१२ ऑक्टोबर
तेल्हाऱ्याच्या कॉलेजात रुजू होऊन आठवडा झाला, आणि आज गच्चीवर माझं उपग्रह केंद्र सुरू झालं! केंद्र कसलं, अँटेना म्हणून ॲल्युमिनियमच्या दोन सळया, वायर, रेडिओ लहरी पकडणारं डोंगल आणि म्हातारा लॅपटॉप. सकाळी हवामानाचा उपग्रह डोक्यावरून गेला आणि पडद्यावर ओळीमागून ओळ चित्र उतरलं. समुद्र, सातपुडा, ढग! एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. बायको, अपेक्षा, पहिल्या बाळंतपणासाठी मूर्तिजापूरला माहेरी आहे. तिला चित्र पाठवलं, तर म्हणाली, आधी पाळण्याचं बघा.

१९ ऑक्टोबर
घरमालक नत्थुजींचा कापूस फुटलाय, म्हणून ते रोज ढग बघायला येतात. आज आपल्या शेतावर पांढरा ठिपका पाहून त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, "सर, हा ढग पुसून टाका ना. वेचनी चालू हाये." गंमत म्हणून ठिपक्यावर कॉम्प्युटरच्या ब्रशने शेजारच्या जमिनीचा रंग फिरवला. दुपारी आभाळ मोकळं. नत्थुजी पेढे घेऊन हजर. कावळा बसायला आणि फांदी मोडायला!

२४ ऑक्टोबर
आता सकाळी दारात गर्दी असते. विज्ञानाच्या मास्तराला हे शोभत नाही, पण मान मिळतो तो आवडतो, खोटं कशाला बोलू. आज घाईत रंग न भरता नत्थुजींचे धाकटे भाऊ डोमाजी यांच्या शेतावरचा ढग सरळ खोडरबराच्या ब्रशने काढला. मग सासऱ्यांचा फोन आला. उद्या अंगणात अपेक्षाचं डोहाळजेवण, आणि मूर्तिजापूरवर आभाळ भरून आलेलं. तिथे खोडरबराचाच मोठा ब्रश घेतला.
संध्याकाळी नत्थुजींना विचारलं, डोमाजी खूश का? म्हणाले, "कोन डोमाजी? मले भाऊच नाई. काहून थट्टा करून राहिले?"

२५ ऑक्टोबर
डोमाजींच्या शेतावर गेलो. शेतच नाही. दोन्ही शेजाऱ्यांचे बांध एकमेकांना लागलेत. विहीर नाही, झोपडी नाही.
अपेक्षाचा फोन लागत नाही.

२६ ऑक्टोबर
अकोल्याला तिकीट खिडकीवर मूर्तिजापूर मागितलं. बाई म्हणाल्या, असं स्टेशनच नाही, पुढे बडनेरा. मागचे लोक हसले. गाडीत बसलो. खिडकीतून डोळा काढला नाही— मूर्तिजापूर आलंच नाही. थेट बडनेरा.
मी पुसलं. माझ्या हाताने. पुसणाऱ्यालाच तेवढं आठवतं, असं दिसतं.

२८ ऑक्टोबर
न खोडलेलं मूळ चित्र उघडलं. मूर्तिजापूरच्या जागी त्यातही काळं. दुसरा ढग आणून चिकटवला— तो राहत नाही. नवं चित्र घेतलं, तरी काळं.
दारात लोक उभे आहेत. ढग काढा म्हणतात. मी कडी लावली. फार भीती वाटते.

३० ऑक्टोबर
तिचा आवाज आठवत नाही. चेहराही अर्धाच—
तिचं नाव वहीत वर लिहिलंय, म्हणून कळतं.

३१ ऑक्टोबर
ती जिथे गेली, तिथे मलाही जायचंय. तिला बाळासकट विसरण्याआधी. सगळ्यात बारीक ब्रश घेतलाय, फक्त या घरापुरता. पण चित्रातला एक ठिपका म्हणजे अख्खा किलोमीटर— नत्थुजींचं राहतं घर त्यातच— शेजारची शाळाही— पोरं आत्ता प्रार्थनेला उभी आहेत, ऐकू येतंय—
उद्या मला तिचं नावही परकं वाटेल. मग जावंसंच वाटणार नाही. म्हणून आत्ताच ब्रश फिरवला— देवा, पोरांचा आवाज थां