पिंप्राळ्याचं पाळणाघर

जळगाव, १० जून १९८९

प्रिय रत्ना,

आई घरात असताना मनूला पाळणाघरात टाकलं म्हणून तू माझ्यावर रुसली होतीस. लेकीला सासूजवळ ठेवायला वहिनी का कू करते, असंच तुला वाटलं असणार. पण आईंना हल्ली दिसतं कमी, आणि मनूला दार उघडं सापडलं की ती रस्त्यावर. माझी टेलिफोन एक्स्चेंजची ड्यूटी, तुझा भाऊ सकाळीच गाडीने वरणगावला फॅक्टरीत. दुसरा इलाज नव्हता.

तीन ठिकाणं पाहिली. एका बंगल्यात बाईंनी दारातच थोपवलं; मुलं झोपली आहेत म्हणाल्या, आणि आतून रडणं ऐकू येत होतं. दुसरीकडे अकरा पोरं, मधोमध पेटता स्टोव्ह, मागे उघडा हौद. मग पिंप्राळ्यात बेबाबाईंचं घर सापडलं. दोन खोल्या, सहा मुलं, दाराला उंच कडी, आणि पैसेही परवडतील एवढेच. मन निश्चिंत झालं.

महिन्याभरातच मनू मलूल दिसू लागली. संध्याकाळी घ्यायला जावं तर खांद्यावर मान टाकायची, जेवताना डोळे मिटायची. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे. मला ते पटेना. रविवारी घरी असली की हीच पोर दिवसभर उड्या मारायची. सोमवारी पुन्हा तीच गत. बेबाबाईच काहीतरी पाजते, याबद्दल मला शंकाच उरली नाही. मी दुधाची बाटली हुंगून पाहायची. दूध घरून द्यायला लागले. शेजारणींकडे आडून आडून चौकशी केली. कुणी वावगं बोललं नाही, तर वाटलं, सगळ्या मिळालेल्या आहेत.

शेवटी गेल्या आठवड्यात गुरुवारी कामावर गेलेच नाही. मनूला सोडून तासाभरात, न सांगता परत गेले. पाच पोरं जागी होती, परातीतले मुरमुरे खात होती. एकटी मनू कोपऱ्यात गाढ झोपलेली. मी नाही नाही ते बोलले. पोलिसांचंही नाव काढलं. बेबाबाईंनी ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "ताई, पोर रोज आली की थोड्याच वेळात गुंगते, इथलं काही खायच्या आधीच. मला वाटायचं, तुम्हीच घरून देता काहीतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या अर्धवट टाकून दाराआड उभी राहिले. आई मनूची वेणी घालत होत्या. कमरेची पिशवी सोडून त्यांनी छोटी डबी काढली, नखावर काहीतरी घेतलं आणि मनूच्या जिभेला लावलं. अफू होती. मी हात धरला तर त्या घाबरल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "तीळएवढीच देस मी. पोर रडत जास, माले देखावत नही." साक्रीकडे निंदणीला जाताना तुम्हा भावंडांनाही असंच बांधावर निजवून ठेवत, हेही त्यांनीच सांगितलं. त्यांच्या मनात पाप नाही, रत्ना. मनू निघताना रडते तेव्हा मीही पाठ फिरवूनच उभी असते.

बेबाबाईंची मी पाय धरून माफी मागितली. मनू अजून तिथेच जाते, रडत जाते आणि खेळत घरी येते. तुझ्या भावाने डबी गटारात फेकली. विषय संपला, रत्नाला यातलं काही कळवायचं नाही, असं मला बजावलं.

मी गप्पच बसले असते. पण शाळा उघडली की तू नोकरीवर हजर होणार, आणि तुझ्या चार महिन्यांच्या बाळाला सांभाळायला आई बुधवारच्या एस.टी.ने धुळ्याला येताहेत. काल त्या कुणालाच न सांगता एकट्या बाजारात जाऊन आल्या. काय आणलं विचारलं तर म्हणाल्या, बाळासाठी गुटी. मी पिशवी तपासली नाही. माझा हात धजावला नाही. पण त्यांना तीळ किती आणि मूग किती हे आता दिसत नाही, रत्ना. बाळ त्यांच्या मांडीवर खुशाल दे, पण तू घरात असशील तोवरच. शाळेच्या वेळेपुरतं एखादं पाळणाघर बघ. स्वतः आत जाऊन बघ. हे पत्र वाचून फाडून टाक. आई आल्या की पाया पड, आणि त्यांची कमरेची पिशवी आधी तू स्वतः उतरवून घे.

तुझीच,
कुंदावहिनी