अकरा आणि बारा रिकामे

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी,

साष्टांग नमस्कार. (उजव्या हाताची अनामिका जायबंदी असल्यामुळे आठांतले एक अंग जरा अर्धवट टेकले आहे, तेवढी सूट द्यावी.) आपले डोळे, मामींची कंबर आणि कार्यशाळेतील वाळवी यांचे वर्तमान कळवावे; पहिल्या दोहोंची प्रकृती सुधारली असावी आणि तिसरीची खालावली असावी, अशी आशा करतो. आपण तीन वर्षे खपून माझ्यासाठी घडवलेली गिटार सुखरूप आहे ना, असे गेल्या पत्रात विचारले होते. त्याविषयी सविस्तर पुढे लिहितोच.

सहा महिन्यांपूर्वी मैफलीच्या बुटांना नवा तळ बसवायला मी एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. मालकांना सगळे ‘जोडेवाले’ म्हणतात. नर्तकांच्या बुटांच्या टाचांत खिळे ठोकण्यात त्यांचा हातखंडा आहे. गोंद वाळेपर्यंत वेळ जावा म्हणून त्यांनी भिंतीवरची गिटार काढली, पायावर पाय टाकला आणि ती उजव्या मांडीवर अशी घेतली, की जणू शेजारणीचे मूल दोन मिनिटांसाठी धरले आहे. माझ्यातला अध्यापक जागा झाला. बैठक, मनगट, कोपर असे तीन दोष मी मनात नोंदवले आणि चौथा सांगण्यासाठी तोंड उघडले, ते तसेच उघडे राहिले. त्यांचा एकटा अंगठा तारांवर खाली जाई आणि त्याच झटक्यात वर येई. जे काम मी तीन सुशिक्षित बोटांकडून करवून घेतो, ते तो एकहाती उरकत होता. मग करंगळीपासून चारही बोटे पंख्यासारखी उलगडली आणि कपाटातल्या बुटांच्या जोड्या थरथरल्या. मला कोणाचे कौतुक करण्याची सवय नाही, हे आपण जाणता. (आपल्या गिटारीलाही मी ‘निर्दोष’ एवढेच म्हटले होते.) तरी त्या दिवशी बूट तिथेच विसरून मी मोज्यांवर रस्त्यापर्यंत आलो आणि परत जाऊन म्हणालो, मला ही फ्लामेंको, ही स्पॅनिश नाचाची गिटार, शिकवा.

दुसऱ्या दिवशी मी स्वरलिपीची वही, पाय ठेवण्याचे स्टूल आणि ठोके मोजायचे यंत्र घेऊन हजर झालो. जोडेवाल्यांनी वहीवर चहाचा कप ठेवला, स्टुलावर त्यांची थोरली बहीण बसली आणि यंत्र गल्ल्यात गेले. या थोरल्या भगिनी म्हणजे नर्तकी आक्का. वय पासष्ट, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. पण लाकडी फळीवर टाच आपटली की शेजारच्या दुकानातला घड्याळवाला हातातले काम सोडतो. दोन महिने त्यांनी मला गिटारीला हात लावू दिला नाही, केवळ टाळ्या वाजवायला लावल्या. (मामा, मी दोन पदव्यांचा धनी. टाळीत नापास झालो.) पुढे बोटे झाडताना अनामिकेचे नख तुटले. जोडेवाल्यांनी ते बुटाच्या गोंदाने जोडले आणि ओघात शेजारची करंगळीही जोडली.

पण माझे खरे दुखणे वेगळेच होते. त्यांचे आवर्तन बारा ठोक्यांचे, मात्र वाक्य संपते दहावर. अकरा आणि बारा रिकामे सोडायचे असतात. मी बावीस वर्षे विद्यार्थ्यांना आवर्तन काठोकाठ भरायला शिकवत आलो. त्यामुळे दहावर आक्का दगडासारख्या स्तब्ध होत आणि माझे दोन गोड सूर पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यांसारखे सावकाश आत शिरत.

“मास्तर, माझं नाचून झालं,” आक्का म्हणत. “तुम्ही कुणासाठी वाजवताय?”

गेल्या सोमवारी त्यांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली होती. त्यानंतर पुन्हा नाचता येईल याची हमी डॉक्टरांनी दिली नव्हती. म्हणून आदल्या दिवशी, रविवारी, दुकानातच एक नाच व्हायचा होता. जोडेवाल्यांचा अंगठा सुजलेला. खुर्ची मला मिळणार होती. अट एकच. “अकरावा सूर ऐकू आला, तर नाच तिथंच थांबवीन आणि तुम्हाला टाळ्यांना बसवीन. सगळ्यांदेखत, हां!” आयुष्यात इतक्या मैफली झाल्या, पण एखादी खुर्ची मिळावी म्हणून मी इतका कासावीस कधी झालो नव्हतो.

रविवारी तीस माणसे बुटांच्या खोक्यांवर दाटीवाटीने बसली. आक्का उठताना कण्हल्या आणि उभ्या राहिल्यावर तीस वर्षांच्या झाल्या. नऊ मिनिटे मी स्वतःला ऐकले नाही, त्यांच्या टाचेला ऐकले. शेवटी आठ, नऊ, दहा. टाच पडली आणि गिटार थांबली. अकरा. बारा. आक्कांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग त्या वळल्या. “कळलं की हो, मास्तर!” माझ्या दोन्ही पदव्यांच्या वेळी मला असे काही वाटले नव्हते.

शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. पलंगावरून त्या पायाची बोटे हलवून बारा मोजतात आणि परिचारिकेला दहावर थांबायला सांगतात.

आपला आज्ञाधारक,
भाचा

ता. क. गिटारीविषयी लिहायचे राहूनच गेले. या शैलीत ठेक्यासाठी गिटारीच्या छातीवर अनामिकेच्या नखाने टकटक करतात. त्याकरिता तिथे पारदर्शक पट्टी असावी लागते, हे मला सहाव्या महिन्यात समजले. आता तेथे नाण्याएवढा खळगा आहे. जोडेवाल्यांनी त्यावर पट्टी बसवली. बुटाचाच गोंद असल्यामुळे ती जन्मात निघणार नाही, अशी त्यांची हमी आहे.

ता. क. दुसरा. डॉक्टर आता म्हणतात, सहा महिन्यांनी आक्का पुन्हा फळीवर उभ्या राहतील. तोवर हलक्या लाकडाची, पट्टी बसवलेली एक गिटार घडवून द्याल का? ही विनंती पत्राच्या आरंभी करणे शिष्टाचाराला धरून झाले असते. पण आपण पत्र तिथेच फाडले असते.

ता. क. तिसरा. दहाव्या ठोक्यावर गिटार थांबली, असे वर लिहिले आहे, ते अक्षरशः खरे आहे. चौथी तार तुटली. माझा अकरावा सूर तिच्यावरच होता. आक्कांना हे ठाऊक नाही. जोडेवाल्यांनी तुटलेले टोक माझ्या खिशात सरकवले आणि कानाशी म्हणाले, “तार शिकली, मास्तर. आता तुमचा नंबर.” सहा महिने मी कसून मेहनत करणारच आहे. तरीही नव्या गिटारीला चौथी तार शक्यतो कच्चीच लावावी.