उजवीकडची दाढ

१४ ऑक्टोबर, सोमवार
आज सकाळी अंघोळ केली, देवापुढे उदबत्ती लावली आणि माठातलं पाणी घटाघटा प्यालो. उजवीकडच्या खालच्या दाढेत अशी कळ गेली की प्रार्थनेचे शब्दच विसरलो! आधी गार पाण्यानं नुसती झिणझिणायची, लगेच थांबायची. आज प्रार्थना संपली, सायकल काढली, तरी ठणकतच होती.

१७ ऑक्टोबर
धामणगावच्या बाजारात बावीस वर्षं माझं एकच काम — सोयाबीनचा दाणा दाढेखाली धरायचा. कटकन फुटला तर वाळलेला, चेपला तर ओला. मी ज्याच्यासाठी माल पारखतो त्या अडत्याकडे ओलावा मोजायचं यंत्र आहे, पण शेतकऱ्यांचा विश्वास माझ्या दाढेवर. त्याचा मला थोडा अभिमान आहे. (देवा, थोडाच!)

आज बुधाजींचा माल आला. शेतकरी, वयानं मोठे, मोजकं बोलणारे. उजवीकडे चावायची हिंमत झाली नाही. डावीकडे दाणा धरला, भीत भीत दाबला — फुटलाच नाही. ओला आहे, म्हणालो. चार लोक बघत होते. बुधाजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "तुमी म्हनता त असन ओला." पोती परत गाडीत.

घरी आल्यापासून चैन नाही. दाणा ओला होता, की मी भ्यालो होतो?

२० ऑक्टोबर
आता चहानंही ठणका. आडवं झालं की वाढतो, उठून बसलं की जरा कमी. लवंग धरून बसलो. सुभद्रा म्हणाली, "भजनाले मोझरीच्या आश्रमात पायी जाता, अन् डाक्टरकडे एसटीनं जाववत नाही!" बायकोचं खरं आहे. पण डॉक्टर दाढ उपटतील, मग बाजारात मला कोण विचारणार — हे तिला सांगितलं नाही.

२४ ऑक्टोबर
थांबलं! गार पाणी — काही नाही. गरम चहा — काही नाही. मारुतीपुढे नारळ फोडला, गल्लीभर प्रसाद वाटला. सुभद्रानं खोबरं खाल्लं आणि म्हणाली की तरी एकदा दाखवाच.

५ नोव्हेंबर
दिवाळीची चकली चावली आणि दाढ बोलली. हिरडीवर बारीक पुळी आहे. तोंडात घाण चव. सुभद्रानं अमरावतीला जायची पिशवी भरून ठेवली.

६ नोव्हेंबर, अमरावती
डॉ. प्रियदर्शनी माझ्या भाचीच्या वयाची. दाढेला गार बोळा लावला — काही कळलं नाही. मग बारीक दांडीनं हळूच ठोकलं — खुर्चीतून उठलोच!

फोटो काढून म्हणाली, "काका, दुखणं थांबलं ते दाढ बरी झाली म्हणून नाही. आतली नस मेली." दाणे फोडून फोडून दाढेला चीर गेली होती. पुळी म्हणजे मुळाशी साठलेला पू वाट काढतोय. म्हणजे मी नस मेल्याचा नारळ फोडला! मला हसू आवरेना, तीही हसली.

उपटायची गरज नाही म्हणे. रूट कॅनल करून वर टोपी बसवली की खुशाल जेवा. मी विचारलं, आणि सोयाबीन? दाणे फोडणं बंद, म्हणाली. या दाढेनं नाही, दुसरीनंही नाही.

दाढ वाचणार, दाढेचं काम जाणार. परत येताना एसटीत तेच घोळत होतं. आणि बुधाजी.

१८ नोव्हेंबर
परवा रूट कॅनल पूर्ण झालं. आज सकाळी बुधाजींच्या घरी गेलो. चूक माझी, दाढ दुखत होती, असं सांगितलं. ते म्हणाले, "मले तवाच मालूम होतं. तुमी कधी डावीकडं चावता का? चार लोकांत तुमाले खोटं कसं पाडू?"

दुसरीकडे विकून माझी चूक उघडी पडायला नको, म्हणून महिनाभर पोती त्यांनी घरात ठेवली होती.

दुपारी बाजारात पहिला माल त्यांचा घेतला. दाणा तोंडात टाकला नाही. सगळ्यांसमोर यंत्र लावलं, आणि आकडा वाचायच्या आधी मोठ्यानं सांगितलं — मागच्या वेळी मी चुकलो होतो.