शेवटच्या दालनातली शिवणताई

सोमवार, ४
आले बाई एकदाची! नोकरी छान, खोली त्याहून छान. खिडकीतून संग्रहालयाचं सबंध अंगण दिसतं. चेटकिणींवरचं प्रदर्शन उभं करायचंय आणि त्यातला शब्दन् शब्द मी लिहायचा. चार दालनं: गोष्टीतली झाडूवरून उडणारी, झाडपाल्याची औषधं देणारी सुईण, सिनेमातली देखणी मोहिनी, आणि शेवटी लोकांनी खरोखर ठार केलेल्या बायका. पुतळ्यांचे कपडे शिवायला एक एकट्या राहणाऱ्या बाई येतात. सगळे त्यांना शिवणताई म्हणतात. मोकळ्या स्वभावाच्या आहेत. माझी खुर्ची टोचते म्हटल्यावर तासाभरात उशी शिवून दिली.

बुधवार, १३
शेवटच्या दालनाची पाटी सहा वेळा लिहिली. शिवणताई दातांत टाचणी धरून सहज म्हणाल्या, "सोपं लिहा ना हो. कुणाच्या तरी डोळ्यांत खुपलेली बाई." संग्रहालयाच्या प्रमुख बाईंनी तेच वाक्य उचललं. माझे सहाही कागद टोपलीत! वर मला म्हणाल्या, त्यांच्याकडून जरा शिका. एवढी वर्षं डोळे फोडून अभ्यास केला, तो हिच्याकडून शिकायला?

मंगळवार, १९
पहारेकरी काकांनी नात आणली होती, चार महिन्यांची. मी घेतलं तर भोकाड पसरलं. त्या शिवणताईने घेतलं तर लगेच गप्प, वर खुदकन हसली. सगळे कौतुकाने बघत होते. काय दिसतं लोकांना तिच्यात?

शुक्रवार, २२
नातीला ताप आलाय. काका काळजीत होते. मी म्हटलं, मंगळवारी कुणाकुणाच्या हातात दिली होती ते आठवा. एवढंच. तेही हसून म्हटलं. काका हसले नाहीत.

सोमवार, २५
ताप उतरत नाही. डॉक्टर म्हणतात छातीत कफ झालाय. काका त्यांचं ऐकायला तयार नाहीत. आज चहावाल्याने शिवणताईला चहा दिला नाही. ती मला विचारत होती, माझं काही चुकलं का हो? मी कागदांतून मान वर केली नाही. खोटं कशाला लिहू? बरं वाटलं.

बुधवार, २७
भर दुपारी अंगणात तीस-चाळीस माणसं. शिवणताईचे केस काकांच्या मुठीत. कुणीतरी ओरडलं, या बाई शिकलेल्या आहेत, यांना विचारा ही चेटकीण आहे का. सगळे माझ्याकडे वळले. तीही. "सांगा ना हो यांना," म्हणाली. एक 'नाही' पुरलं असतं. मी मान खाली घातली. त्यांना तो होकार वाटला.
वाटला नाही. होताच.

गुरुवार, २८
शिवणताई गेल्या. दवाखान्यात पोचायच्या आधीच.

शुक्रवार, २९
सकाळी नात गेली. म्हणजे आता ते दुसरी कुणी शोधणार—

शनिवार, ३०
प्रमुख बाई घाईघाईने येऊन सांगून गेल्या, आत्ताच्या आत्ता निघा. लोक म्हणताहेत, चेटकिणींचं इतकं सगळं जिला ठाऊक, ती कोण? बुधवारी ताईंना जबडा फुटेपर्यंत मारून विचारलं म्हणे, तुझ्या जोडीला कोण आहे. त्यांनी कुणाचंच नाव घेतलं नाही. माझंसुद्धा. इथेही तीच माझ्याहून—

अंगण भरलंय. काका पुढे आहेत. खिडकीतून ओरडून सांगितलं, मी काही केलं नाही. कुणी वर बघतसुद्धा नाही. जिन्यात पावलं—

माझ्यासाठी तोंड उघडलं असतं अशी इथे एकच बाई होती, आणि तिला मी—